फोटोतलं गोंदण

सासूबाई गेल्या त्याला आता दीड वर्ष झालं. तेराव्याच्या आदल्या दिवसाची गोष्ट. एडवणच्या घरात जो तो कामात होता. पुरुषमंडळी गुरुजींनी दिलेल्या यादीत गुंतली होती, आम्ही बायका स्वयंपाकघरात आणि पुतण्याकडे एकच काम दिलं होतं. आजीचा फोटो सफाळ्याला नेऊन मोठा करायचा आणि फ्रेम घालून आणायचा. पोरगा गुणी. सकाळच्या एसटीने गेला, संध्याकाळी वर्तमानपत्रात गुंडाळलेली फ्रेम घेऊन हजर!

कागद सोडला आणि आम्ही सगळे गप्प झालो. फोटो सुंदर होता, नाही असं नाही. मागे निळं आकाश, त्यात पांढरे ढग. केस एकूण एक जागेवर. गाल असे तुकतुकीत, की साठीच्या आतलीच बाई वाटावी. भावजी म्हणाले, “छान काढलाय.” आम्हीही मान हलवली. अशा वेळी पोराचा हिरमोड कोण करणार?

मग आत्याबाईंनी फ्रेम मागितली. आत्याबाई म्हणजे माझ्या सासऱ्यांची बहीण. लग्नानंतर तीन वर्षांत परत आल्या त्या कायमच्याच ह्या घरी राहिल्या. सासूबाईंची आणि त्यांची साठ वर्षांची सोबत! एका डोळ्याचं ऑपरेशन झालेलं, दुसऱ्याने अंधूक दिसतं. त्यांनी फ्रेम अगदी नाकाजवळ धरली, वरून खाली पाहिली आणि म्हणाल्या,

“ही कोण?”

तुम्ही म्हणाल, म्हाताऱ्या माणसाचं दिसण्याचं काय! पण त्यांना दिसलं ते आम्हा डोळसांना दिसलं नव्हतं. सासूबाईंच्या दोन भुवयांच्या मधोमध हिरवट गोंदणाचा एक ठिपका होता आणि हनुवटीवर तीन. सासरे गेले तेव्हा कुंकू गेलं, गोंदण राहिलं. “अंगावरचं सगळं इथंच ठेवून जायचं, बाय. एवढंच बरोबर येतं,” असं त्या स्वतःच म्हणायच्या. फ्रेममधल्या बाईच्या कपाळावर ठिपका नव्हता आणि हनुवटी कोरी होती.

पुतण्याने काही मुद्दाम पुसलं नव्हतं. हल्लीच्या फोनमध्ये चेहरा ‘सुंदर’ करायची सोय असते. एक बटण दाबलं, की यंत्र फोटोत चेहरा शोधतं, कातडीचा भाग ओळखतं आणि त्यावरच्या सुरकुत्या, डाग, तीळ, मुरमं सारखी करून टाकतं. त्या बापड्या यंत्राला मुरूम कुठला आणि गोंदण कुठलं, हे काय ठाऊक? काळा ठिपका दिसला की तो डाग, एवढीच त्याची अक्कल.

“बरं, मूळ फोटो आण. तो मोठा करू,” मी म्हटलं. पुतण्याने फोन चाळला आणि त्याचा चेहरा उतरला. मूळ नव्हताच. फोटो सुधारून झाल्यावर फोनने विचारलं होतं, ‘प्रत म्हणून ठेवू की असाच ठेवू?’ आणि ह्याने घाईत ‘असाच’ला बोट लावलं होतं. मुळात तो फोटो आला होता चुलतभावाच्या व्हॉट्सॲपवरून. त्याचा फोन भरला म्हणून त्याने गणपतीतच सगळं साफ केलेलं. ज्या फोनवर तो काढला तो माझा; पण तो पाण्यात पडून बिघडला आणि मी नवा घेतला, ह्यालाही वर्ष होऊन गेलं होतं. एकूण काय, शेवटच्या चार वर्षांतला सासूबाईंचा तेवढाच एक नीट फोटो होता, आणि आता होती ती निळ्या ढगांतली ‘ही कोण’!

तेरावा त्याच फ्रेमसमोर झाला. दुसरं करणार काय? आत्याबाई पाटावर बसल्या, नमस्कार केला आणि एवढंच म्हणाल्या, “कोण का असेना, तिच्या नावाने करतोय ना.” मला त्या रात्री झोप आली नाही.

बोईसरला परत आल्यावर आठवलं, की माळ्यावर जुना काँप्युटर आहे. ह्यांना तारापूरच्या कारखान्यात एका वर्षी चांगला बोनस मिळाला होता. त्यात आम्ही एक डिजिटल कॅमेरा आणि एक काँप्युटर घेतला होता. २०११ च्या मे महिन्यात धाकट्या भावजींचं लग्न झालं, त्याचे सगळे फोटो मीच काढले होते. काँप्युटर जुन्या चादरीत गुंडाळलेला, वर धुळीचा थर. सुरूच होईना. आमच्या बिल्डिंगमधला एक मुलगा इंजिनिअरिंगला आहे. त्याने त्यातली हार्ड डिस्क बाहेर काढली, एका डबीसारख्या पेटीत बसवली आणि आपल्या लॅपटॉपला जोडली. ‘लग्न’ नावाचं फोल्डर उघडलं. सासूबाई सापडल्या! कपाळावर कुंकू, त्याखाली ठिपका, हनुवटीवर तिन्ही ठिपके जागच्या जागी.

पण फोटो अगदी लहान, नुसता चेहराच. उजळसुद्धा केलेला. मोठा करायला गेलं तर चौकोन चौकोन दिसू लागले. चेहऱ्यापुरता कापून काढलेला फोटो मोठा कुठून होणार? आणि तो कापला कोणी? मीच! तेव्हा आमच्याकडे ‘पिकासा’ होतं. पुष्कळजणींना आठवत असेल. गूगलने ते २००४ साली विकत घेतलं आणि फुकट वाटलं, घरोघरी असायचं. २०१६ साली ते बंद केलं. त्यात फोटो कापा, उजळ करा, लाल डोळे काळे करा, सगळं एका क्लिकसरशी. मला त्या दिवसांत त्याचा नादच लागला होता.

मी खिन्न होऊन बसले, तेवढ्यात तो मुलगा म्हणाला, “काकू, थांबा. ह्यात एक लपलेलं फोल्डर असायला हवं.”

आणि होतं! त्याने ‘लपलेल्या वस्तू दाखवा’ अशी खूण केली, तसं ‘लग्न’ फोल्डरच्या पोटात एक फिकट फोल्डर उमटलं. नावात पिकासा आणि ओरिजिनल्स हे दोन शब्द जोडलेले. पिकासाची रीतच तशी होती. तुम्ही फोटोत फेरफार करून ‘सेव्ह’ म्हटलं, की ते मूळ फोटो पुसून टाकत नसे. मूळ उचलून ह्या लपलेल्या कप्प्यात ठेवायचं आणि त्याच नावाने नवा फोटो समोर मांडायचं. मला ह्याचा पत्ता तेरा वर्षं नव्हता. घरात सासूने कोनाड्यात सोनं जपून ठेवावं आणि सुनेला ते माहीतच नसावं, तसं.

मूळ फोटो उघडला. ओटीवर पितळेची परात, त्यात भिजलेल्या वालांचा डोंगर. लग्नघरचं बिरडं सोलायचं चाललेलं. सासूबाईंचा पदर खोचलेला, हात कोपरापर्यंत ओले. आणि त्यांच्या डाव्या बाजूला, अगदी खांद्याला खांदा लावून, आत्याबाई. आत्याबाई काहीतरी सांगताहेत आणि सासूबाई तोंडभर हसताहेत. तो हसरा चेहरा तेवढा मी ठेवला होता आणि तो ज्याच्यामुळे हसला ते माणूस कापून टाकलं होतं.

का कापलं? खरं सांगायचं तर मला लाज वाटली होती. कॅमेरा नवा होता. मला माहेरी दाखवायला ‘चांगले’ फोटो हवे होते. खोचलेला पदर, ओले हात, सालपटं, मागे दोरीवर वाळत घातलेले कपडे हे काही मला चांगलं वाटलं नव्हतं. आणि आत्याबाई… त्यांच्या पांढऱ्या कपाळाचा लग्नाच्या अल्बममध्ये फोटो नको, असं मला कोणी सांगितलं नव्हतं. मीच ठरवलं होतं. पुतण्याला मी काय बोलणार? त्याने चार ठिपके पुसले, मी तर अख्खं माणूस.

त्या दिवसापासून मी ह्या विषयाच्या मागेच लागले. वर्षभर सगळी सवड त्यात घातली. त्यातलं जे उपयोगाचं वाटलं ते आता सांगते. तुमच्याही घरी फोन भरलेत आणि फोटो हरवलेत, हे मला नक्की माहीत आहे.

पहिली गोष्ट, फोटो बदलण्यात काही पाप नाही. आपल्या आज्या-पणज्यांचे फोटोसुद्धा बदललेलेच असत. मुंबईत फोटोग्राफीची सोसायटी १८५४ साली निघाली. पुढे गावोगाव स्टुडिओ झाले, आणि तिथले कारागीर निगेटिव्हवर टोकदार पेन्सिल फिरवून सुरकुत्या घालवत, काळ्यापांढऱ्या फोटोवर हाताने रंग भरून गाल गुलाबी करत. माझ्या मामेसासऱ्यांचा लग्नातला फोटो पाहा. शालू हिरवा, ओठ लाल आणि मामीच्या नथीला खरा सोनेरी रंग! पण तेव्हा एक सोय होती. मूळ म्हणजे निगेटिव्ह, आणि कागदावरचा फोटो म्हणजे त्याची प्रत. कागदावर काहीही रंगवा, निगेटिव्ह पेटीत सुरक्षित. दोन्ही वस्तू हातात धरायला वेगळ्या होत्या, म्हणून घोटाळा होत नसे. आता मूळही पडद्यावर आणि प्रतही पडद्यावर. दोन्ही दिसायला सारखी, नाव एक, आणि एका बोटाने एकाच्या जागी दुसरं बसतं.

आपल्याकडे घरात भात पिकतो त्या बायकांना मी बियाण्याचं उदाहरण देते. बियाण्याचा भात वेगळा काढून ठेवलेला असतो. दारात कितीही पाहुणे येवोत, तो गिरणीवर जात नाही. मूळ फोटो म्हणजे बियाणं. खायचा तो दुसरा.

आता ही सॉफ्टवेअरं मूळ कसं ठेवतात ते समजून घ्या, म्हणजे अर्धी धास्ती जाईल. ढोबळमानाने तीन तऱ्हा आहेत. एक तऱ्हा पिकासासारखी, मूळ बाजूला लपवून नवा फोटो पुढे करायचा. ह्यात धोका एकच. तुम्ही दिसणारे फोटो एकेक निवडून पेनड्राईव्हवर घेतलेत, तर लपलेला कप्पा मागेच राहतो. पुढे काँप्युटर भंगारात गेला की बियाणं गेलं! म्हणून जुना काँप्युटर द्यायच्या आधी फोटो निवडत बसू नका. अख्खं फोल्डर उचला आणि लपलेल्या वस्तू दाखवायची खूण करून एकदा आत डोकावा. माझ्या दोन मैत्रिणींना अशाने खजिना मिळाला. तिसरीला काही मिळालं नाही. तिने काँप्युटर दिवाळीत देऊन टाकला होता.

दुसऱ्या तऱ्हेत फोटोला हातच लागत नाही. ‘एवढं कापा, एवढं उजळ करा’ अशी नुसती टिपणं वेगळ्या वहीत लिहिली जातात आणि फोटो दाखवताना त्याप्रमाणे दाखवला जातो. शॉटवेल नावाचं सॉफ्टवेअर असंच करतं, आणि व्यवसाय करणारे फोटोग्राफर ज्याचे पैसे भरतात ते लाइटरूमही असंच. त्यात एकाच मुळाच्या दोन-चार आभासी प्रती करता येतात. एक रंगीत, एक काळीपांढरी, एक पासपोर्टची, आणि जागा मात्र एकाच फोटोची. मला ही रीत सगळ्यांत शहाणी वाटते. पण लक्षात ठेवा, ती वही त्या सॉफ्टवेअरजवळच असते. फोटो दुसऱ्याला दिला तर त्याला मूळच जाणार, तुमची मेहनत नाही. सुधारलेला द्यायचा असेल तर ‘एक्स्पोर्ट’ म्हणून वेगळी प्रत काढावी लागते.

तिसरी तऱ्हा म्हणजे मुळाच्या शेजारी नवी फाईल. मी आता डिजिकॅम वापरते. फुकट आहे, लॅपटॉपवर चालतं. त्यात फोटो सुधारला की ते मुळाच्याच नावाला ‘व्ही १’ अशी शेपटी लावून नवी फाईल करतं आणि दोघांचं नातं लक्षात ठेवतं. पुन्हा बदल केला तर आणखी एक आवृत्ती. फक्त यादीत सहसा शेवटचीच आवृत्ती दिसते. पहिल्या दिवशी मला वाटलं मूळ गेलं, आणि माझ्या पोटात गोळाच आला! मग कळलं, उजव्या बाजूच्या ‘आवृत्त्या’ ह्या खणात सगळी पिढी ओळीने बसलेली असते. सेटिंगमध्ये ‘मूळ नेहमी दाखवा’ अशी खूण करता येते. ती मी केली. मला मूळ डोळ्यांसमोर असलेलं बरं वाटतं.

फोनचं मात्र ज्याचं त्याचं वेगळं. काही फोन फोटो सुधारल्यावर ‘प्रत’ करतात, काही जुन्यावरच नवा बसवतात, पण ‘मूळ परत आणा’ असं बटण ठेवतात. आयफोनवर हे बटण असतं. त्यावरून फोटो काँप्युटरवर मुळांसकट उतरवले, तर एकाच आकड्याच्या दोन फाईली येतात. ज्याच्या नावात आकड्याआधी ‘ई’ हे अक्षर, तो बदललेला. हे माहीत नसेल तर जुळी समजून आपण नेमकं मूळच पुसतो. गूगल फोटोजमधून सगळे फोटो एकदम घरी उतरवून घेतले, की तिथेही मूळ आणि ‘एडिटेड’ अशी शेपटी लावलेला, दोन्ही येतात. ते घरी उतरवून घेणं आता गरजेचंच झालं आहे. २०२१ च्या १ जूनपासून तिथली अमर्याद फुकट जागा बंद झाली, नवे फोटो पंधरा जीबीतच मोजले जातात, आणि ती भरली की घरातली मंडळी दिसेल ते पुसत सुटतात.

व्हॉट्सॲपबद्दल वेगळं सांगायलाच हवं. तिथून आलेला फोटो मूळ नव्हे! पाठवताना तो बारीक केला जातो आणि फोटोच्या पोटात नोंदलेली तारीख-वेळही गळून पडते. नावात जी तारीख दिसते ती फोटो काढल्याची नसते, पाठवल्या-मिळाल्याची असते. आत्याबाईंच्या डोळ्याच्या ऑपरेशनचे फोटो माझ्याकडे चक्क होळीच्या तारखेचे आहेत, कारण होळीला कोणीतरी ते पुन्हा फिरवले. मूळ जसाच्या तसा हवा असेल तर समोरच्याला सांगा, ‘डॉक्युमेंट म्हणून पाठव.’ जरा वेळ लागतो, पण दाणा अख्खा येतो.

आणि एक. ह्या साध्या जेपीजी फोटोत बदल करून पुन्हा पुन्हा साठवला, की दर वेळी त्यातलं थोडं थोडं गळतं. एकदा दिसत नाही, पाच-सात वेळा केलं की चेहरा धुतल्यासारखा दिसतो. म्हणून नवा बदल नेहमी मुळापासून करायचा. बदललेल्यावरून पुन्हा बदललेला नको.

नावं कशी द्यायची ह्यावरून आमच्या घरात वादच झाला. माझी मुलगी म्हणते, मूळ एका फोल्डरात, सुधारलेले दुसऱ्यात, म्हणजे भेसळ नको. मी म्हणते, दोघं वेगळ्या घरी राहिली की नातं तुटतं. दोन वर्षांनी ह्याची जोडी कुठली, हे शोधणार कोण? माझी पद्धत अशी. आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग गाव, प्रसंग आणि आकडा. उदाहरणार्थ ‘२०११-०५ एडवण बिरडं ०३’. त्याच्याच पुढे ‘चेहरा’, ‘छपाई’, ‘पासपोर्ट’ असं काय केलं ते. वर्ष पुढे असलं की सगळे आपोआप ओळीत बसतात आणि मूळ अन् त्याची पिल्लं शेजारी शेजारी राहतात. ‘फायनल’, ‘फायनल नवा’, ‘एकदम फायनल’ अशी नावं देऊ नका. माझ्याकडे अशी तीन होती आणि सगळ्यांत चांगला फोटो ‘फायनल नवा’च्या आधीचा निघाला! नावं मात्र अगदी सुरुवातीलाच द्या. सॉफ्टवेअरने नातं जोडल्यावर बाहेरून नाव बदललंत, तर त्याला आपलंच लेकरू ओळखू येत नाही. आणि मूळ फाईलच्या गुणधर्मांत जाऊन ‘फक्त वाचण्यापुरती’ अशी खूण करून टाका. म्हणजे घाईत कोणी वर दुसरं बसवायला गेलं तर काँप्युटर निदान एकदा अडवतो. मुलीची रीत बरोबर की माझी, ते तुम्ही तुमच्या घराप्रमाणे ठरवा. दोन्ही एकदम मात्र चालवू नका.

खरं तर हा मूळ आणि बदललेल्याचा घोळ मोठमोठ्यांनाही चुकलेला नाही. दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ १९१३ सालचा, हे आपण शाळेत शिकलो. फाळक्यांनी १९१७ साली तीच कथा पुन्हा चित्रित केली. आज जी रिळं आपण पाहतो ती पहिल्या चित्रपटाची की दुसऱ्या, ह्याबद्दल जाणकारांत वाद आहे. आमच्याच शेजारच्या माहीमचं नाव ज्या ‘महिकावतीच्या बखरी’ला आहे, ती १९२४ साली वि. का. राजवाड्यांनी संपादून छापली. त्यांनीही हेच काम केलं. ही प्रकरणं एका हातची नाहीत, केशवाचार्यांची जुनी १४४८ च्या सुमाराची, बाकीची नंतर जोडलेली, असं वेगवेगळं काढून दाखवलं. जोडणाऱ्याने कुठे खूण ठेवली नाही, की पुढच्याला असा दिवा घेऊन शोधावं लागतं.

माझ्या लपलेल्या फोल्डरची बातमी एडवणला गेली, तशी जाऊबाईंनी लाकडी पेटी उघडली. त्यात कॅमेऱ्याच्या रिळाच्या जमान्यातल्या निगेटिव्हच्या पट्ट्या. काही नीट, काही एकमेकींना चिकटलेल्या. समुद्राकाठची हवा! आमच्याकडे कुलपं गंजतात, तिथे फिल्मचं काय! दमट हवेत फिल्मवर बुरशी धरते, आणि जुन्या फिल्मला कधी व्हिनेगरसारखा आंबट वास येऊ लागतो. तो आला की समजावं फिल्म आतून नासतेय, आणि ती पट्टी बाकीच्यांपासून वेगळी काढावी. पट्ट्या कडेला धरून उचलाव्या, बोटं मधे लावू नयेत. प्रत्येकीला साधं पांढऱ्या कागदाचं पाकीट करावं, नव्या पर्समध्ये मिळतात त्या ओल शोषणाऱ्या पुड्या डब्यात टाकाव्या. डांबराच्या गोळ्या नकोत. चिकटलेल्या पट्ट्या ओढून सोडवू नका, जाणकाराकडे न्या. चिकट पानांच्या अल्बममधले फोटो मात्र घरी सुटतात. आधी पानासकट त्यांचा फोनवर फोटो काढून घ्यावा, मग बारीक दोरा फोटोखालून करवतीसारखा हळूहळू सरकवावा. नाही सुटला तर सोडून द्यावा.

फोटोची मागची बाजूही टिपायला विसरू नका. आमच्या कितीतरी फोटोंच्या पाठीवर सासऱ्यांच्या अक्षरात ‘मु. पो. एडवण, ता. पालघर, जि. ठाणे’ असं आहे. पालघर जिल्हा वेगळा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. माझी मुलगी नोंदींत सगळीकडे ‘जि. पालघर’ करायला निघाली होती. मी म्हटलं, नवी नोंद हवी तर नव्या ओळीत कर, आजोबांची ओळ तशीच राहू दे.

सगळ्याच्या दोन प्रती केल्या आहेत. एक बोईसरला आमच्याकडे, एक नणंदेकडे वसईला. एडवणच्या घरी मुद्दाम ठेवली नाही. खाऱ्या वाऱ्यावर माझा विश्वास नाही. दर दिवाळीच्या साफसफाईत दोन्ही डिस्क लावून पाहायच्या, उघडतात की नाही, एवढा नेम केला आहे.

आता भिंतीबद्दल. बिरड्याचा फोटो मी मोठा करून आणला, मूळ, कडेच्या वाळत्या कपड्यांसकट. भावजींना तो पटला नाही. “देवघराच्या वर परात कसली लावायची?” म्हणाले. पुतण्या बिचारा अपराध्यासारखा उभा. त्याला मी सांगितलं, तुझा फोटो मी पुसणार नाही. तोही आता डिस्कवर आहे, ‘निळे ढग’ अशा नावाने, तारखेसकट. घरात तो कसा आला हेही पुढच्यांना कळायला हवं. भिंतीवर निळी फ्रेमच राहिली.

बिरड्याचा फोटो आत्याबाईंनी मागून घेतला. चष्मा लावून, काढून, पुन्हा लावून पाहिला. सासूबाईंच्या हनुवटीवर बोट ठेवून तीन ठिपके मोजले. मग स्वतःवर बोट ठेवलं आणि विचारलं, “मी होते होय गं ह्यात? मला कोणी दाखवला नव्हता.”

मी तोंड उघडलं, पण काय झालं ते सांगितलं नाही. अजून सांगितलेलं नाही.

पेटीतल्या अर्ध्या पट्ट्या अजून तशाच आहेत. नणंद गणपतीत येणार आहे, तेव्हा आम्ही तिघी बसून त्यांतली माणसं ओळखणार. आत्याबाईंना नावं आठवतात तोवर ते उरकायला हवं.